औषध चुकले, पण का?

अमेरिकेतील नॅशव्हिल, डिसेंबर २०१७. स्कॅनपूर्वी घाबरलेल्या रुग्ण महिलेला ‘व्हर्सेड’ द्यायचे होते. औषधांच्या स्वयंचलित कपाटात ते ‘मिडाझोलाम’ या मूळ नावाने नोंदलेले. परिचारिकेने ‘ओव्हरराइड’ करून ‘व्हीई’ ही दोनच अक्षरे टाइप केली. हाती आले स्नायू लुळे पाडणारे ‘वेक्युरोनियम’. महिला दगावली. २०२२ मध्ये परिचारिका दोषी ठरली.

कुपीवरचा इशारा तिच्या नजरेतून सुटला, हे खरेच. पण दोन अक्षरांवर जीवघेणे औषध देणाऱ्या कपाटाचे काय? स्कॅन विभागात बारकोड तपासण्याची सोय का नव्हती?

मूळ कारणाचा शोध ‘कोणी?’वर थांबत नाही, तो ‘का?’ विचारत राहतो. शिक्षेच्या भीतीने चुका दडपल्या, तर सापळा पुढच्या रुग्णासाठी तसाच राहील.