राष्ट्रध्वजाला दरपत्रकात स्वतंत्र ओळ हवी

परदेशातून येणाऱ्या विणलेल्या घरगुती वस्तूंवर किती सीमाशुल्क बसणार, हे ती वस्तू दरपत्रकाच्या कोणत्या शीर्षकात मोडते यावर ठरते. सीमाशुल्क दरपत्रकाचा कायदा १९७५ चा आहे. त्याची आजची मांडणी १९८८ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणावर उभी आहे. पहिले सहा आकडे बहुतेक देशांत सारखे असतात, पुढचे दोन भारताने आपल्या गरजेप्रमाणे जोडले आहेत. घरातल्या कापडी वस्तू प्रामुख्याने ६३ व्या प्रकरणात येतात. ब्लँकेट व घोंगडी ६३०१ मध्ये, चादर, अभ्रा, टॉवेल ६३०२ मध्ये, पडदे ६३०३ मध्ये, पलंगपोस ६३०४ मध्ये. सतरंजी मात्र गालिच्यांबरोबर ५७ व्या प्रकरणात जाते आणि कापूस भरलेली रजई थेट ९४ व्या प्रकरणात, गादी-उशीच्या शेजारी.

न्हावाशेवा बंदरात माल तपासताना कापडाच्या काठालाही महत्त्व येते. ताग्यातून नुसता चौकोनी कापलेला तुकडा कापडच राहतो. त्याची कड दुमडून शिलाई मारली की तो तयार वस्तू ठरतो आणि प्रकरणच बदलते. धागा मिश्र असेल तर वजनाने जो जास्त, त्याच्या नावाने वर्गीकरण होते. वर्गीकरण आधी आयातदारानेच जाहीर करायचे, अशी पद्धत २०११ पासून आहे. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातात. मोटारीत अंथरायचे मॅटिंग हा गाडीचा सुटा भाग नसून गालिच्याच्या वर्गातली वस्तू आहे, हा निकाल २०२० चा.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांचा या विषयाशी थेट संबंध आहे तो राष्ट्रध्वजामुळे. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती ध्वज तयार करते आणि त्याची खादी उदगीरच्या केंद्रात विणली जाते. भारतीय मानक संस्थेचे पहिल्या क्रमांकाचे मानक राष्ट्रध्वजाचेच आहे. ३:२ हे प्रमाण, रंगाची छटा, शिलाई, सारे त्यात ठरलेले. सर्वांत मोठा ध्वज २१ फूट बाय १४ फुटांचा. इतक्या काटेकोर निकषांचे काम हाताने करणारी केंद्रे देशात मोजकीच आहेत.

याच ध्वजाला सीमाशुल्क दरपत्रकात मात्र स्वतःची जागा नाही. परदेशातून आलेला शिवलेला ध्वज ६३०७ या शीर्षकाखालच्या ‘इतर’ वस्तूंत मोजला जातो. त्याच गटात बुटाच्या नाड्या आणि कापडी मुखपट्ट्याही येतात. त्यामुळे किती ध्वज आयात झाले, कोणत्या देशातून आणि काय भावाने, हे आकडेवारीतून वेगळे काढता येत नाही.

पूर्वी यातून फारसे बिघडत नव्हते. ध्वजसंहितेत न बसणाऱ्या राष्ट्रध्वजाची आयात केंद्राने २०१९ मध्ये बंद केली, आणि तेव्हा संहितेला हातकताई-हातविणाईचेच कापड मान्य होते. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावर विणलेले आणि पॉलिएस्टरचे कापडही मान्य केले. परिणामी कापडाच्या कारणावरून असा ध्वज बंदरात अडवता येईनासा झाला. जुलै २०२२ मध्ये असे ध्वजही जीएसटीतून मुक्त असल्याचे केंद्राने स्पष्ट केले. आयात मालावरचा आयजीएसटी देशांतर्गत दराप्रमाणेच लागतो, म्हणून ही सवलत परदेशी ध्वजालाही मिळते. उदगीरच्या खादीला संरक्षण द्यायचे तर हातात उरते ते मूळ सीमाशुल्क, आणि ते ‘इतर’च्या गर्दीत अडकले आहे.

‘हर घर तिरंगा’ मोहिमेला लागतील तेवढे ध्वज एकट्या खादीतून होणे शक्य नव्हते, हे मान्यच करावे लागेल. घरोघरी परवडणारा ध्वज पोहोचावा, यातही गैर काही नाही. तो देशातल्या यंत्रमागावर विणला जावा, एवढी अपेक्षा रास्त आहे. इचलकरंजी-भिवंडीच्या यंत्रमागांचे हितही यातच आहे.

उपाय अवघड नाही. आठ अंकी ओळी भारत स्वतः ठरवतो. चादरी-टेबलक्लॉथच्या शीर्षकांत हातमागाच्या मालाला वेगळ्या ओळी पूर्वीच दिल्या आहेत. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने येत्या अर्थसंकल्पात ६३०७ खाली राष्ट्रध्वजाची स्वतंत्र ओळ घालावी आणि तिचा दर वेगळा ठरवावा. नांदेड आणि लातूरच्या खासदारांनी पक्षभेद बाजूला ठेवून ही मागणी संसदेत एकत्र मांडावी.