समजल्याशिवाय सही नको

सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेल्या सीमादाव्याची चर्चा आपल्या गावांत पारापारावर होते. पण तालुका कोर्टातून आलेले कानडी समन्स मात्र कोनाड्यात पडून राहते. तारखेला प्रतिवादी हजर नसला की दिवाणी दावा एकतर्फी चालू शकतो आणि जमीन हातची जाते. समन्स आल्या दिवशीच वकिलाकडे न्यावे.

फौजदारी खटल्यात आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली, तर ती त्याला समजेल अशा भाषेत भर कोर्टात सांगितली पाहिजे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम २७९ होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ३१४ आहे. ही कोणाची मेहेरबानी नव्हे. पण मागितल्याशिवाय कोण देतो? आमचे काही वकीलबंधू तर स्वतः मराठी असूनही "सही करा, मी बघतो" एवढ्यावर पक्षकाराची बोळवण करतात. हे आम्हांला मान्य नाही. कागदात काय लिहिले आहे हे विचारणे म्हणजे वकिलावर अविश्वास नव्हे.

फीची अडचण असल्यास १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना व कोठडीतील व्यक्तींना मोफत वकील मिळतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करावा.