'सर्व्हर डाऊन' म्हणजे नेमकं काय?

राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाईलवर आली. शेतकरी बंधूंनो, ॲप हा नुसता निरोप्या. नोंद ठेवतो तो लांबचा सर्व्हर. म्हणून अडलं कुठं, ते आधी पाहावं. दुसरी वेबसाईटही उघडत नसेल, तर दोष नेटवर्कचा. पडद्यावर ४०० ते ४९९ मधला आकडा आला, तर खोट बहुधा पाठवलेल्या मागणीत. भरलेली माहिती नि जुनं ॲप तपासा. ५०० ते ५९९ आला, तर बिघाड सर्व्हरकडं; सारखं बटण दाबू नका, थांबून पाठवा. आकडा, वेळ, गट नंबर टिपून तलाठ्यांना द्या. त्यांनीही 'सर्व्हर डाऊन' एवढंच न लिहिता हा तपशील तहसीलला कळवावा. नाहीतर मुदत टळते, सातबाऱ्यावर पीक लागत नाही आणि हमीभाव खरेदीत अडचण शेतकऱ्यालाच येते.