डोंगरवाटेचे शिक्षण सार्वजनिक हवे

पावसाळ्यातल्या शनिवारी मध्यरात्रीनंतर कल्याण स्थानकात थांबले, तर एक दृश्य हमखास दिसते. ठाणे, डोंबिवली, मुंब्रा, उल्हासनगर येथून आलेली तीस-चाळीस तरुण मुले-मुली पाठीवर पिशव्या टाकून कसाऱ्याच्या पहिल्या लोकलची किंवा मुरबाडकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत असतात. त्यांतील बहुतेकांची परस्परांशी ओळख नसते. मोबाईलवर जाहिरात पाहून, पैसे भरून ती एकत्र आलेली असतात. त्यांचा 'लीडर' त्यांच्याच वयाचा असतो. आठवडाभर कुठल्यातरी कचेरीत किंवा गोदामात तो राबतो आणि रविवारी चार पैसे मिळावेत म्हणून चाळीस जिवांची जबाबदारी घेतो. गोरखगड दोनदा चढला, माहुली तीनदा चढली, एवढेच त्याचे प्रशिक्षण. ओढ्याला अचानक लोंढा आला तर काय करायचे, धुक्यात वाट चुकली तर माणसे कशी राखायची, फुरसे चावलेल्या मुलीला खाली कसे न्यायचे, हे त्याला कोणी शिकवलेले नाही. अपघात झाला की वर्तमानपत्रे त्याला बेजबाबदार ठरवतात. त्याला शिकवण्याची जबाबदारी कोणाची होती, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. तो प्रश्न आज आम्ही विचारू इच्छितो.

आमचे उत्तर सरळ आहे. रानावनात आणि डोंगरात माणसे सुखरूप नेण्याचे-आणण्याचे शिक्षण ही सार्वजनिक शिक्षणव्यवस्थेची जबाबदारी आहे. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या महाविद्यालयांनी ती स्वीकारली पाहिजे.

हे शिक्षण म्हणजे सुखवस्तू मुलांची करमणूक, असे समजणाऱ्यांनी अलीकडच्या दोन दुर्घटना आठवाव्यात. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात कोसळून ३० जण दगावले. त्या खोल दरीत दोरावरून उतरून मृतदेह वर आणण्याच्या कामात महाबळेश्वर ट्रेकर्ससारख्या संस्थांचे तरुण आघाडीवर होते. १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळगडाच्या कुशीतल्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे ढिगाऱ्याखालीच राहिली. वाडीला रस्ता नव्हता. भर पावसात, अंधारात ती चढण चढताना नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या संस्थांचे गिर्यारोहक तेथे मदतीला धावले, ते कोणाच्या हुकमाने नव्हे आणि कोणाच्या पगारावरही नव्हे. ज्या राज्याच्या अंगावरून सह्याद्री उभा गेला आहे, त्या राज्यात डोंगर चढण्याचे आणि दोर बांधण्याचे कौशल्य हे विहीर खणण्याच्या किंवा सुईणपणाच्या कौशल्याइतकेच लोकोपयोगी आहे.

आजवर हे कौशल्य टिकले ते हौशी संस्थांमुळे. १९५४ साली मुंबईत 'गिरिविहार'ची स्थापना झाली आणि पुढे गावोगावी तशी मंडळे निघाली. त्यांत नवा मुलगा आधी ओझे वाही, मग मागे राहून दमलेल्यांना सांभाळी आणि काही वर्षांनी कोणीतरी त्याला पुढे चालायला सांगे. ह्या पद्धतीला प्रमाणपत्र नव्हते, पण शिस्त होती. गेल्या दहा-पंधरा वर्षांत बाजार आला आणि ही साखळी तुटली. पहिल्या वर्षी ओझे वाहणारा मुलगा दुसऱ्या वर्षी स्वतःच आयोजक होऊ लागला.

शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून आयोजकांना नोंदणीचे बंधन घातले. ते योग्यच झाले. परंतु शिकण्याची सोय न करता परवाना मागितला, तर परवाना ज्याला परवडतो त्याला मिळतो आणि ज्याला परवडत नाही तो चोरवाटेने धंदा करतो. दार्जिलिंगची संस्था १९५४ साली आणि उत्तरकाशीची १९६५ साली स्थापन झाली. दोन्हींचे कार्य मोठे आहे. पण तेथील प्राथमिक अभ्यासक्रम साधारण चार आठवड्यांचा. भिवंडीच्या गोदामात रोजंदारीवर असलेल्या मुलाला चार आठवड्यांची रजा कोण देणार? शिवाय तेथे शिकवतात ते बर्फाचे शास्त्र. आपल्याकडे निसरडा कातळ, गवताखाली लपलेला घसारा, आग्या मोहोळ आणि घटकाभरात कमरेएवढा होणारा ओढा. सह्याद्रीचे शास्त्र सह्याद्रीतच शिकवावे लागेल.

ह्या शिक्षणाचा गाभा दोर आणि गाठी यांत नाही, तो नेतृत्वात आहे. आपल्या सार्वजनिक जीवनात नेता म्हणजे सर्वांत पुढे चालणारा, असा समज रूढ झाला आहे. डोंगरात नेत्याची जागा पुष्कळदा सर्वांत शेवटी असते. तुकडीचा वेग सर्वांत दमलेल्या माणसाने ठरवायचा, हा तेथला पहिला नियम. आणि शिखर समोर दिसत असतानाही ढग पाहून 'परत फिरा' म्हणणे, ही तेथली सर्वांत अवघड परीक्षा. पैसे भरलेल्या गिऱ्हाइकांपुढे हे म्हणणे तर अधिकच अवघड. परत फिरण्याचे धैर्य नफ्याच्या हिशेबात बसत नाही, म्हणून ते बाजारात शिकता येत नाही. शिक्षणाने धोका संपतो, असा आमचा दावा नाही. ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत यांच्यासारखा चार दशके सह्याद्रीत वावरलेला माणूस १८ जानेवारी २०२० रोजी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याजवळ मृत्युमुखी पडला. अनुभवालाही डोंगर सवलत देत नाही. मग अननुभवाला तो किती देईल?

आमच्याच काही सहकाऱ्यांचा आक्षेप असा की, पाण्याचे, नोकरीचे, घरांचे प्रश्न समोर असताना हे खूळ कशाला? त्यांना थोडा इतिहास सांगितला पाहिजे. १८९५ साली व्हिएन्नातील एका शिक्षकाने समाजवादी दैनिकात छोटी जाहिरात दिली आणि तिच्यातून 'निसर्गमित्र' ही कामगारांची गिरिभ्रमण संघटना उभी राहिली. तिचे परस्परांना अभिवादनच होते, 'डोंगर मुक्त असोत'. हिटलरने १९३३ साली सत्तेवर येताच ह्या संघटनेची जर्मनीतील शाखा बंद पाडली, ती काही ती निरुपद्रवी होती म्हणून नव्हे. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर परिसरातील कामगार तरुणांनी जमीनदारांची बंदी झुगारून किंडर स्काउटच्या पठारावर मोर्चा नेला. त्यांतील पाच जण तुरुंगात गेले. पुढे १९४९ साली ब्रिटनमध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आणि मुक्त संचाराचा कायदा झाला, त्यामागे ह्या चळवळीचीही पुण्याई आहे. आपल्याकडे १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाच्या शिबिरांत जातीपातीची मुले एका पंगतीत जेवली आणि एका तंबूत झोपली. आठवड्याचे सहा दिवस लोकलच्या दाराशी लोंबकळणाऱ्या माणसाला सातव्या दिवशी मोकळ्या आभाळाचा हक्क आहे. तो हक्क सुरक्षितपणे बजावता यावा, ही मागणी खूळ कशी?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आम्हांला मान्य आहे. 'विल्डरनेस' ही कल्पना अमेरिकेतून आली. तेथील १९६४ च्या कायद्याने निर्जन प्रदेशाची व्याख्याच अशी केली की, तेथे माणूस केवळ पाहुणा असतो, राहत नाही. आपले रान कधीच निर्मनुष्य नव्हते. रामचंद्र गुहा यांनी १९८९ साली दाखवून दिले की, ही कल्पना जशीच्या तशी भारतात आणली, तर तिची किंमत गरीब वनवासीयांना मोजावी लागते. २०१४ साली पालघर वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले. त्यांपैकी मुरबाड आणि शहापूर म्हणजे ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांचा मुलूख. तानसा, मोडकसागर आणि भातसाचे पाणी शहापुरातून मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातील पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. रविवारी ह्याच पाड्यांवरून शहरी पाहुण्यांच्या रांगा जातात. मागे राहतात प्लास्टिकच्या बाटल्या आणि एका वाटाड्याची तुटपुंजी मजुरी.

म्हणून आमच्या कल्पनेतल्या अभ्यासक्रमात आदिवासी तरुण हा ओझे वाहणारा नसेल. तो शिक्षक असेल. ढोरवाट कोठे फुटते, कोणत्या टाक्याचे पाणी चैत्रातही आटत नाही, कोणत्या नाळेत दगड सुटतात, हे त्याला ठाऊक आहे. नकाशा आणि होकायंत्र त्याला शिकता येईल, प्रथमोपचार शिकता येईल. त्याचे ज्ञान मात्र आमच्या प्राध्यापकांना पुस्तकात सापडणार नाही. त्या ज्ञानाला महाविद्यालयाच्या वेतनपटावर जागा मिळाली पाहिजे. आणि विद्यार्थ्यांनी गाठी मारायला शिकण्याआधी २००६ चा वनहक्क कायदा वाचला पाहिजे, म्हणजे आपण कोणाच्या अंगणातून चालतो आहोत, हे त्यांना कळेल.

ह्यासाठी नवे विद्यापीठ उभारण्याची गरज नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ च्या सुमारास कम्युनिटी कॉलेजांची योजना आणली. स्थानिक गरजेनुसार, नोकरी सांभाळून शिकता येईल असे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम महाविद्यालयांनी चालवावेत, हा तिचा हेतू. अमेरिकेत कोलोरॅडो माउंटन कॉलेजसारख्या सार्वजनिक संस्था ह्याच धर्तीवर मैदानी नेतृत्वाचे शिक्षण देतात. मग कल्याणच्या बिर्ला महाविद्यालयाने किंवा ठाण्याच्या बांदोडकर महाविद्यालयाने ते का देऊ नये? येऊरचे रान एका अंगाला, मलंगगड दुसऱ्या अंगाला. अशी प्रयोगशाळा किती महाविद्यालयांच्या वाट्याला आली आहे?

धोका एकच आहे. १९८३ पासून ह्या राज्याने विनाअनुदानाची जी वाट धरली, त्याच वाटेने हाही अभ्यासक्रम गेला, तर भरमसाट शुल्क घेणारे आणखी एक दुकान तेवढे उघडेल. म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. वर्ग सायंकाळी आणि रविवारी भरावेत. शुल्क रोजंदारीच्या मुलाला झेपेल एवढेच असावे. निम्म्या जागा मुरबाड-शहापूरच्या तरुणांसाठी राखून ठेवाव्यात. दोर, शिरस्त्राणे, तंबू यांचे भांडार महाविद्यालयात असावे आणि ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणे ते साहित्य विद्यार्थ्यांना वापरायला मिळावे. प्रत्येक विद्यार्थ्याचा आणि वाटाड्याचा विमा शासनाने उतरवावा. आणि प्रशिक्षितांची नोंद जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे असावी, म्हणजे पुढच्या इरशाळवाडीच्या वेळी कोणाला हाक मारायची, हे आधीच ठाऊक असेल.

मुलींचा उल्लेख मुद्दाम वेगळा करतो. अनोळखी आयोजकाबरोबर मुक्कामी जायला चाळीतल्या मुलीला घरून परवानगी मिळत नाही, आणि आईबापांची शंका अगदीच अनाठायी असते, असेही म्हणवत नाही. महाविद्यालयाचे नाव असले, सोबत शिक्षिका असली, की तेच आईबाप डबा बांधून देतात. सार्वजनिक संस्थेवरचा हा विश्वास अजून शिल्लक आहे. तो वापरला नाही, तर तोही हळूहळू आटेल.

शहरातील कार्यकर्त्यांनी आपापल्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना भेटावे, विद्यापीठाच्या अधिसभेतील सदस्यांकडे हा विषय लावून धरावा आणि मुरबाड-शहापूरच्या साथींनी पाड्यापाड्यांवरून शिकू आणि शिकवू इच्छिणाऱ्या तरुणांची यादी करावी. येत्या पावसाळ्यातही शनिवारच्या मध्यरात्री कल्याण स्थानकात मुले जमतीलच. त्यांना कोणी अडवू शकणार नाही आणि अडवूही नये. त्यांच्यापुढे चालणाऱ्या मुलाला परत केव्हा फिरायचे, हे माहीत असावे, एवढी तजवीज करणे आपल्या हाती आहे.