शब्दांची प्रयोगशाळा : दिसायला सारखे, वागायला वेगळे



या वेळचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावतील. मराठी मंडळाच्या वार्तापत्रात स्पॅनिश कशाला? पण अमेरिकेत राहायचे तर स्पॅनिश रोज कानावर पडते. दुकानात, कारखान्यात, शेजारात बोलली जाते, मुले ती शाळेत शिकतात. शिवाय इंग्रजीशी मिळतेजुळते शब्द इतके, की अर्धे काम आयतेच झाले असे वाटते. बाजारहाटापुरते ते चालून जाते. पोलीस चौकीत आणि कोर्टात मात्र नेमके तिथेच पाय घसरतो.

आमच्या रसायनशास्त्रात याचे एक चांगले उदाहरण आहे. दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन एका पद्धतीने जोडले की अल्कोहोल मिळते. तेच अणू दुसऱ्या पद्धतीने जोडले की डायमिथाइल ईथर नावाचा वायू. घटक तेच, गुणधर्म निराळे. कायद्यातल्या शब्दांचेही तसेच आहे.

'सेन्तेन्सिया' हा शब्द घ्या. इंग्रजी 'सेन्टेन्स'चा सख्खा भाऊ वाटतो, पण सेन्टेन्स म्हणजे शिक्षा आणि सेन्तेन्सिया म्हणजे निकाल. निर्दोष सुटणाऱ्यालाही सेन्तेन्सिया मिळतेच. नुसत्या दिसण्यावरून भाषांतर केले, तर सुटलेला माणूस कागदावर शिक्षा भोगायला लागतो! 'देनुन्सिया' म्हणजे कोणाचा जाहीर निषेध नव्हे, तर गुन्ह्याची खबर देणे, आपली फिर्याद. कोर्टातला 'फिस्काल' तिजोरीवाला नव्हे, तो सरकारी वकील. आणि 'असेसिनातो' म्हणजे पुढाऱ्याचीच हत्या असे नव्हे. स्पेनच्या कायद्यात दगा देऊन, पैसे घेऊन किंवा क्रूर हालहाल करून केलेला कोणाचाही खून त्यात येतो. साधा खून म्हणजे 'ओमिसिदियो'.

गंमत म्हणजे पुष्कळदा मराठीच जास्त उपयोगी पडते. स्पेनमध्ये हळूच खिसा मारला तर 'उर्तो', पण धाक दाखवून किंवा कुलूप फोडून चोरी केली तर 'रोबो'. इंग्रजीत 'रॉबरी' म्हणायला माणसावर जबरदस्ती लागते, रिकाम्या घराचे दार फोडले तर ती 'बर्गलरी'. म्हणजे एकाच रोबोचे इंग्रजीत प्रसंग पाहून दोन शब्द होतात. आपल्याकडे चोरी, जबरी चोरी, घरफोडी असे वेगवेगळे शब्द तयारच आहेत. म्हणून चांगला भाषांतरकार शब्दाचे रूप पाहत नाही, काम पाहतो : हे कोण करतो, खटल्याच्या कोणत्या टप्प्यावर करतो आणि त्याने पुढे काय होते?

हा केवळ शब्दकोशातला वाद नाही. १९६६च्या मिरांडा खटल्यापासून इथल्या पोलिसांना ताब्यातल्या माणसाची चौकशी करण्यापूर्वी त्याचे हक्क सांगावे लागतात. वकील परवडत नसेल तर तो फुकट मिळेल, हा त्यातला एक. ओरेगनमधल्या एका प्रकरणात पोलिसाने स्पॅनिशमध्ये हे सांगताना 'फ्री'साठी 'लिब्रे' शब्द वापरला. लिब्रे म्हणजे मोकळा, स्वतंत्र. फुकटला 'ग्रातिस' म्हणतात. ऐकणाऱ्याला कळले ते एवढेच, की एखादा रिकामा वकील असला तर मिळूही शकेल. २०१३ साली नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ठरवले, की अशाने हक्क सांगितले असे होत नाही, आणि त्या माणसाने पोलिसांना दिलेला जबाब पुराव्यातून बाद झाला. एका शब्दावर एवढे अवलंबून होते.

आता आपल्या घराजवळ येऊ. मेक्सिकोत 'नोतारियो पुब्लिको' हा कायद्याचा जाणकार, वजनदार अधिकारी असतो. अमेरिकेतला नोटरी पब्लिक मुख्यतः सही तुमचीच आहे याची खात्री करून शिक्का मारतो. शब्दांच्या या साम्याचा फायदा घेऊन काही शिक्केवाले स्वतःला 'नोतारियो' म्हणवतात, इमिग्रेशनचे अर्ज भरून देतात, भरपूर पैसे घेतात आणि प्रकरणाचा विचका करतात. म्हणूनच टेक्सास, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा या राज्यांत नोटरीने जाहिरातीत असे शब्दशः भाषांतर करायला बंदी आहे. हसण्याआधी आठवा : भारतातला नोटरीसुद्धा सहसा अनुभवी वकीलच असतो. त्यामुळे 'नोटरीकडून करून घेतले, आता काळजी नाही' असे आपल्या वडीलधाऱ्यांना वाटणे अगदी साहजिक आहे. इथे ते खरे नाही. कायद्याचा सल्ला हवा तर परवानाधारक वकीलच गाठावा.

दुसरी गोष्ट भाषेचे नाव सांगण्याची. ओरेगनमध्येच १९८६ साली सांतियागो व्हेंतुरा मोरालेस या मेक्सिकन शेतमजुराला खुनाबद्दल दोषी ठरवले गेले. कोर्टाने दुभाषा दिला होता स्पॅनिशचा, त्याची भाषा होती मिश्टेक. १९९१ मध्ये तो सुटला, पण मधली वर्षे कोण परत देणार? मेक्सिकन म्हणजे स्पॅनिश, तसे इंडियन म्हणजे हिंदी, असे इथे कोणीही गृहीत धरेल. फेडरल न्यायालयांची दुभाषांसाठीची प्रमाणपत्र परीक्षाही आज फक्त स्पॅनिशसाठी आहे. तेव्हा भेटीला आलेल्या आईबाबांना, सासूसासऱ्यांना इंग्रजीत एक वाक्य पाठ करून द्या : मला मराठी दुभाषा हवा. आणि हेही सांगा, की समोरचा बोलत असताना मान डोलवू नये. आपण 'ऐकतोय' म्हणून डोलावतो, समोरचा 'कबूल' म्हणून लिहून घेतो.

नातवंडांना दुभाषा करू नका. घरी छान मराठी बोलणारी आपली मुले भाजी, आमटी, आजोळ सगळे जाणतात. 'जामीन' आणि 'जबाब' त्यांनी कधी ऐकलेले असतात?

आम्ही परीक्षानळीवाले, वकील नव्हे. म्हणून एक विनंती : आपल्या भागात मराठी जाणणारे वकील किंवा कोर्टात काम केलेले दुभाषे माहीत असतील, तर त्यांची संमती घेऊन नावे कार्यकारिणीकडे द्या. यादी तयार झाली की याच पानावर छापू.

पुढच्या अंकात : डॉक्टरकडे गेल्यावर 'कळ', 'चमक' आणि 'ठणका' इंग्रजीत कसे सांगायचे?