सायकल स्वस्त झाली, पण तुमच्या मापाची मिळाली का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे करापूर्वी १०,००० रुपयांची असलेली सायकल ११,२०० ऐवजी १०,५०० रुपयांना मिळू लागली. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने रविवारच्या सायकल फेऱ्यांचा उपक्रम सुरू केला होता. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय सायकल शर्यतही झाली. मधुमेह, वाढते वजन, रक्तदाब यांसाठी 'व्यायाम करा' असे आम्ही डॉक्टर सांगतोच. त्यामुळे अनेक घरांत सध्या नव्या सायकलची चर्चा आहे.

आरोग्याच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट आहे. मात्र दवाखान्यात दुसरी बाजूही दिसते. नवी सायकल घेतल्यावर महिना-दोन महिन्यांत गुडघा दुखतो, कंबर धरते, हाताची बोटे बधिर होतात. मग 'सायकलने गुडघे खराब होतात' किंवा 'आता वय झाले' असे म्हणून सायकल बाल्कनीत उभी राहते. यातल्या बऱ्याच जणांच्या बाबतीत खरे कारण सायकल चालवणे हे नसते, वयही नसते. सायकलचे माप चुकलेले असते.

माप कुठे हरवले?

पूर्वी मोठ्यांच्या काळ्या सायकलला 'बावीस इंची' किंवा 'चोवीस इंची' म्हणत. ते माप फ्रेमचे असे. आज जाहिरातीत २६, २७.५ किंवा २९ इंच असे आकडे दिसतात, ते चाकाचे असतात. ग्राहकाला मात्र वाटते की हेच सायकलचे माप. एकाच २९ इंची चाकावर १५ इंचांची फ्रेमही असू शकते आणि २१ इंचांचीही. चाकाच्या आकड्यावरून ती तुमच्या शरीराला जुळेल की नाही, हे कळत नाही.

ऑनलाइन खरेदीने यात भर घातली आहे. अर्धवट जोडलेली सायकल खोक्यातून घरी येते, घरचे कुणीतरी पाने घेऊन ती पूर्ण करते आणि सीट जशी बसेल तशी घट्ट केली जाते. स्वस्त गटातली बरीच मॉडेल एकाच फ्रेम मापात येतात. सव्वापाच फुटांची गृहिणी आणि सहा फुटांचा तरुण, दोघांनाही तीच. करकपातीने ७०० रुपये वाचले, पण चुकीच्या मापाची सायकल पडून राहिली तर सगळेच पैसे गेले आणि व्यायामही गेला.

फ्रेमचे माप म्हणजे काय?

दोन्ही पेडल ज्या आसाभोवती फिरतात, त्या आसापासून सीटखालच्या उभ्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतची लांबी म्हणजे फ्रेमचे माप. डोंगरी आणि हायब्रिड सायकलींत ते बहुधा इंचांत किंवा एस, एम, एल असे असते. रेसिंग प्रकारच्या सायकलींत सेंटिमीटरमध्ये. एका कंपनीची 'एम' दुसरीच्या 'एम'एवढीच असेल असे नाही. म्हणून त्या मॉडेलचा तक्ता पाहावा.

डोंगरी प्रकारच्या सायकलसाठी साधारण अंदाज असा:

- उंची १५० ते १६० सेंमी: १४ ते १५ इंच
- १६० ते १७० सेंमी: १६ ते १७ इंच
- १७० ते १८० सेंमी: १७ ते १९ इंच
- १८० सेंमीच्या वर: १९ इंच किंवा अधिक

नुसती उंची पुरेशी नाही. सारख्या उंचीच्या दोघांत एकाचे पाय लांब असतात, दुसऱ्याचे धड. म्हणून पायाच्या आतल्या बाजूची लांबी घरीच मोजा. अनवाणी, भिंतीला पाठ टेकून, पाय थोडे फाकवून उभे राहा. एक जाड पुस्तक दोन्ही पायांमध्ये, सीटवर बसल्यासारखे वाटेल इतके वर दाबून आडवे धरा. जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्या आणि ते दुकानात सांगा.

दुकानात करायच्या तीन चाचण्या

१. आडव्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून सपाट उभे राहा. नळी आणि शरीर यांत निदान दोन-तीन सेंमी जागा हवी, डोंगरी सायकलला पाच सेंमी किंवा जास्त. जागाच नसेल तर फ्रेम मोठी आहे. अचानक थांबताना नाजूक जागी मार लागू शकतो. खाली झुकलेल्या नळीच्या लेडीज सायकलला ही चाचणी लागू पडत नाही. तिथे पुढच्या दोन चाचण्या महत्त्वाच्या.

२. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा आणि पेडल सर्वांत खाली न्या. गुडघा जवळपास सरळ व्हायला हवा. मग पायाचा चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात हलका बाक राहतो, तो साधारण २५ ते ३५ अंशांचा. यासाठी सीटची नळी तिच्यावरच्या मर्यादेच्या खुणेपलीकडे ओढावी लागत असेल तर फ्रेम लहान आहे. ती खूण कधीही ओलांडू नका, नळी मोडू शकते.

३. हँडल धरल्यावर कोपरात किंचित बाक राहिला पाहिजे आणि खांदे सैल. हात ताठ करून पुढे ओणवावे लागत असेल तर सायकल तुमच्यासाठी लांब आहे. सीट वर-खाली करून ही लांबी बदलत नाही. घरातल्या सगळ्यांसाठी एकच सायकल घेताना नेमके हेच राहून जाते. अशा वेळी जो रोज चालवणार आहे, त्याच्या मापाची घ्या.

दोन मापांच्या मध्ये अडकलात तर दोन्ही चालवून पाहा. लहान फ्रेम सीट आणि हँडल बदलून काहीशी जुळवता येते. मोठी फ्रेम लहान करता येत नाही.

दुखणे कुठे, कारण कुठे

- गुडघ्याच्या पुढे, वाटीभोवती दुखते: सीट खाली असण्याची शक्यता जास्त. गुडघा प्रत्येक फेरीत गरजेपेक्षा जास्त वाकतो आणि वाटीवर दाब येतो.
- गुडघ्याच्या मागे दुखते, किंवा पेडल मारताना नितंब डावी-उजवीकडे हलतात: सीट बहुधा उंच आहे. यातून कंबरही दुखू लागते.
- मान, खांदे, कंबर आखडते: हँडल फार लांब किंवा फार खाली असू शकते.
- करंगळी आणि शेजारचे बोट बधिर होते: तळहातातून जाणाऱ्या नसेवर दाब येतो. शरीराचा भार हातांवर जास्त पडतो आहे.
- जांघेच्या मधल्या भागात बधिरपणा येतो: सीटचे टोक वर उचललेले नाही ना, सीट उंच नाही ना, ते पाहा. हा बधिरपणा अंगावर काढू नये.

गुडघ्याची झीज असलेल्या रुग्णांना आम्ही सायकल सुचवतो, कारण शरीराचे वजन सीटवर राहते आणि गुडघ्याला धक्का बसत नाही. पण सीट खाली असेल तर तीच सायकल त्रास देते.

मुलांसाठी: 'वाढत्या अंगाची' सायकल नको

कपडे आपण दोन बोटे मोठे घेतो, सायकलचे तसे करू नये. मोठ्या सायकलवर मुलाचे पाय जमिनीला टेकत नाहीत आणि बोटे ब्रेकपर्यंत नीट पोहोचत नाहीत. शिकाऊ मुलाचे सीटवर बसून दोन्ही चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी मदत मिळते. आठवीतल्या आणि बारावीतल्या मुलीच्या उंचीत बराच फरक असतो, तो सायकल निवडताना विचारात घ्या.

पालकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पडताना हँडलचे टोक पोटात घुसले तर बाहेर छोटासा गोल वळ दिसतो, पण आत यकृत, प्लीहा किंवा स्वादुपिंडाला इजा झालेली असू शकते. अशा मारानंतर पोटदुखी, उलट्या, पांढरे पडणे यांपैकी काहीही दिसले तर लगेच रुग्णालयात न्या. रात्रभर वाट पाहू नका.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

माप जुळवून, फेरी कमी करूनही दोन-तीन आठवड्यांत दुखणे कमी झाले नाही, गुडघा सुजला किंवा अडकू लागला, तर तपासून घ्या. सायकलवर सुरू होणारा आणि उतरल्यावर थोड्या वेळात जाणारा बोटांचा बधिरपणा बहुधा दाबामुळे असतो. तो दिवसभर राहिला किंवा तळपायांतही असला, तर मधुमेहासारखे कारण शोधावे लागते. चालवताना छातीत दुखले, दम लागला किंवा चक्कर आली तर ताबडतोब थांबा. त्याचा फ्रेमशी संबंध नाही, ती तातडीची बाब आहे. हृदयविकार असलेल्यांनी सुरुवात करण्याआधीच आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस सायकल चालवली की तो पूर्ण होतो. पण हे वर्षानुवर्षे व्हायचे तर सायकल दुखणारी नको. गिअर किती आणि सूट किती हे विचारण्याआधी दुकानदाराला विचारा, 'ही कोणत्या मापाच्या फ्रेममध्ये मिळते?' त्याला उत्तर देता आले नाही, तर दुसरे दुकान पाहा. आणि घरी आधीच पडून असलेली सायकल विकण्यापूर्वी वरची टाचेची चाचणी करून पाहा. अनेकदा पाना घेऊन सीट चार बोटे वर केली तरी काम होते.