काटा कोणाच्या हाती?



कळमन्याच्या बाजारात ज्याने एकदा तरी मिरचीचे पोते पाठीवर घेतले आहे, त्याला काट्याची किंमत सांगावयास नको. माल शेतकऱ्याचा, पाठ हमालाची. पण काटा ज्याच्या हाती, पैसा त्याचा! म्हणूनच १९६३ च्या कायद्याने बाजार समितीत शेतकरी व व्यापारी यांच्याबरोबर हमाल-मापाऱ्यांचाही एक प्रतिनिधी त्यांच्याच मतांनी बसविला. त्या एका खुर्चीने पोती हलकी झाली नाहीत, हे खरे. समित्यांवर प्रशासक नेमून ती खुर्ची रिकामी ठेवण्याची कलाही सरकारांना चांगली अवगत आहे. तरी ती कायद्यात लिहिलेली आहे, म्हणून ती हक्काने मागता येते.

आता इंटरनेट नावाच्या बाजाराकडे पाहा. मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, नोकरीची जाहिरात, मजुरीचे पैसे, सारे त्याच वाटेने येते-जाते. तेथील काटा कोणाच्या हाती आहे, याचा विचार तुम्ही कधी केला आहे काय?

जगातील संकेतस्थळांची नावे व पत्ते यांची व्यवस्था १९९८ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेली आयकॅन ही संस्था पाहते. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याची तिच्यावरील देखरेख १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपली आणि हे जाळे आता साऱ्या जगाचे झाले, असे नगारे वाजले. पण याच संस्थेत २००० साली जगभरच्या सामान्य वापरकर्त्यांनी थेट मतदानाने ५ संचालक निवडून दिले होते! २००२ साली ती पद्धतच मोडून टाकण्यात आली. आज मतदानाचा अधिकार असलेल्या १६ संचालकांपैकी अवघा १ वापरकर्त्यांच्या मंडळांकडून जातो, आणि त्यालाही तुमचे-माझे मत लागत नाही. महाडच्या नगरपालिकेने तळे खुले करण्याचा ठराव १९२४ साली केला व १९२७ साली तो फिरविला. दिलेले परत घेण्याची ही रीत आपल्या पुरती ओळखीची आहे.

मग सरकारांच्या हाती काटा द्यावा, असे कोणी म्हणेल. भारत सरकारने २०११ साली संयुक्त राष्ट्रांत ५० राष्ट्रांची समिती सुचविली. २०१५ साली पवित्रा बदलून सर्व संबंधितांच्या सहभागाचा पुरस्कार केला. दोन्ही वेळा कळमन्याच्या हमालाला कोणी विचारले? शिवाय सरकारे काय करतात, हेही आपण पाहिले आहे. इंटरनेट अनिश्चित काळ बंद ठेवता येणार नाही व बंदीचे हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत, हे १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

कंपन्यांचे औदार्य तर याहून घातक. फेसबुकने ‘फ्री बेसिक्स’ म्हणून निवडक संकेतस्थळे गरिबांना फुकट देऊ केली. फुकटच्या यादीत कोणी बसावयाचे, हे ठरविण्याच्या किल्ल्या मात्र स्वतःच्या कमरेला! वरून ओंजळीत ओतलेले पाणी ते. तळ्यात उतरण्याचा हक्क नव्हे. लाखो लोकांनी दूरसंचार नियामकाकडे लेखी हरकती पाठविल्या, तेव्हा ८ फेब्रुवारी २०१६ रोजी त्याने असल्या भेदभावाच्या दरांना बंदी घातली.

तेव्हा आपली मागणी स्पष्ट असावी. काटा एका राष्ट्राच्या हाती नको, सरकारांच्या टोळीच्या हाती नको आणि सावकारी कंपन्यांच्या हाती तर नकोच. २००० सालचे थेट मत परत हवे, आणि मतपत्रिका मराठीतही हवी. पुढच्या वेळी नियामक हरकती मागवील, तेव्हा विहाराच्या बैठकीत बसून आपली हरकत लिहा व मुदतीच्या आत पाठवा.